‘पेशंट आहेत का?’ एवढंच विचारून फोन ठेवू नका

हृदयरोगावरच्या उपचारांचं संशोधन करणाऱ्या, त्याचे आराखडे ठरवणाऱ्या, त्याला पैसा पुरवणाऱ्या आणि मंजुरी देणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, पण तुमच्या कामाशी माझा बारा वर्षं रोजचा संबंध होता. मी एका रुग्णालयात नव्या उपचारांच्या चाचण्यांची, म्हणजे ट्रायलची, संशोधन समन्वयक होते. संमतीपत्र समजावून सांगायचं, रिकाम्या डब्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजून घ्यायच्या, इको आणि रक्ताच्या तारखा सांभाळायच्या, आणि तिसाव्या दिवशी, सहाव्या महिन्यात, वर्ष पूर्ण झाल्यावर पेशंटला फोन करायचा, हे माझं काम. तुमच्या शोधनिबंधातल्या तक्त्यांत जे आकडे बसतात, त्यांतले काही माझ्या कानावरून गेलेले आहेत. त्या फोनांबद्दलच लिहिते आहे.

फोनवरचे प्रश्न छापील असत. पहिला, पेशंट आहेत का. म्हणजे हयात आहेत का; पण असं कुणाच्या घरी तोंडावर विचारवत नाही, म्हणून आम्ही ‘पेशंट आहेत का’ असंच म्हणायचो. मग मधल्या काळात भरती व्हावं लागलं का, पुन्हा अटॅक आला का, स्ट्रोक झाला का, अँजिओप्लास्टी किंवा बायपास करावी लागली का, गोळ्या चालू आहेत का. चौकटीत खूण करायची आणि पुढचा नंबर लावायचा. पाच मिनिटांत फोन आटोपावा अशी अपेक्षा असे. तो आटोपत नसे, कारण समोरच्या माणसाला जे सांगायचं असायचं ते या प्रश्नांत नसायचं.

एक काका होते. हार्ट फेल्युअर, पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदयातलं जेवढं रक्त बाहेर पडतं ते, तीस टक्क्यांच्या आसपास, बरंच कमी. त्यांची खोली वरच्या मजल्यावर आणि मधे बावीस पायऱ्या. तिसाव्या दिवसाच्या फोनला माझे सगळे प्रश्न ऐकून घेऊन ते म्हणाले, “ताई, ते सगळं ठीक आहे, पण मी नवव्या पायरीवर थांबतो.” सहाव्या महिन्यात फोन उचलल्या उचलल्या म्हणाले, “काल बावीस. एका दमात.” आणि लगेच पुढे, “पण बूट बांधायला वाकलो की जीव घाबरा होतो. असं का होतं?” मी दोन्ही गोष्टी फॉर्मच्या समासात लिहून ठेवल्या. पुढे नोंदी तपासायला आलेल्या मॉनिटरने त्यावर बोट ठेवलं: ही माहिती अभ्यासात मागितलेली नाही, फॉर्मबाहेर काही लिहायचं नाही. नियमाप्रमाणे मी त्या ओळींवर एक आडवी रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख घातली. खोडलेला मजकूर खाली वाचता आला पाहिजे असा तुमचाच नियम आहे. त्यामुळे ‘नववी पायरी’ आजही त्या रेघेखाली वाचता येत असेल.

वाकल्यावर लागणाऱ्या दमाला वैद्यकीय नाव मिळालं ते 2014 साली. हृदयात भरणाऱ्या रक्ताचा दाब आधीच वाढलेला असतो, वाकल्यावर तो आणखी वाढतो, म्हणून दम लागतो, हेही तेव्हा मोजून दाखवलं गेलं. या आजाराचे पेशंट बूट काही 2014 पासून बांधायला लागलेले नाहीत. ते सांगतच असणार. त्यांचं ऐकलेलं लिहायला जागा नव्हती.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. उपचाराचा ‘परिणाम’ काय मोजायचा हे ज्याच्यावर परिणाम होतो त्याला विचारून ठरवा, आणि मोजून झाल्यावर निकाल त्याला कळवा.

मृत्यू मोजणं सोडा, असं मी मुळीच म्हणत नाही. मृत्यू मोजले म्हणून काय कळलं, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका ज्येष्ठ डॉक्टरांनी शिकवलं होतं, आणि ते मी पुढे प्रत्येक नव्या मुलीला शिकवलं. हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यांचा मृत्यूचा धोका जास्त असतो. म्हणून ठोके सुरळीत करणारी औषधं दिली की धोका कमी होणार, असा सरळ हिशेब होता. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ते काम चोख करत. ईसीजी सुंदर दिसायचा. ‘कास्ट’ या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत मात्र कुणीतरी शांतपणे माणसं मोजली. औषध घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 दगावले, खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेणाऱ्या 743 जणांपैकी 26. चाचणीचा हा भाग 1989 मध्ये तातडीने थांबवला गेला. कागदावरचा आलेख सुधारत होता आणि माणसं जात होती.

याला एक मागची गोष्ट आहे आणि ती मला जास्त छळते. 1980 साली ब्रिटनमध्ये याच जातीच्या लॉर्केनाइड नावाच्या औषधाची 95 जणांवर एक लहान चाचणी झाली होती. औषध घेणाऱ्यांत 9 मृत्यू, खोटी गोळी घेणाऱ्यांत 1. संशोधकांना तो योगायोग वाटला. पुढे ते औषध व्यापारी कारणांनी बाजूला पडलं आणि तो निकालही तसाच फायलीत राहिला. तो प्रसिद्ध झाला 1993 मध्ये, तेरा वर्षांनी. तो आधी छापला असता तर धोक्याचा इशारा वेळेत मिळाला असता, हे त्याच संशोधकांनी नंतर स्वतः मोकळेपणाने लिहिलं. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. पण ज्या 95 जणांनी संमतीपत्रावर सही केली होती, त्यांनी दिलेली माहिती तेरा वर्षं कुणाच्याच उपयोगी पडली नाही. आपल्या सहभागाचा पुढच्या रुग्णांना उपयोग होईल, हे वाक्य मी शेकडो जणांना वाचून दाखवलं आहे. ते वाचताना आवाज कापू नये यासाठी निकाल छापले जाणं भाग आहे.

याच्या उलट बाजूचा धडाही हृदयरोगानेच दिला. 1988 ची ‘आयसिस-2’ चाचणी. हार्ट अटॅक आलेले 17,187 रुग्ण, साधा प्रश्न, साधा फॉर्म. एक महिना रोज साधी अ‍ॅस्पिरिन दिली तर पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू 23 टक्क्यांनी कमी झाले. सोबत गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज दिलं तर 42 टक्क्यांनी. इतक्या स्वस्त आणि जुन्या गोळीने एवढं होतं, हे माणसं मोजल्याशिवाय कुणालाच ठामपणे सांगता आलं नसतं.

आणि आधी ठरवून मोजणं किती महत्त्वाचं, तेही इथेच दिसलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेने पैसा पुरवलेल्या 55 मोठ्या चाचण्यांचा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. 2000 सालापूर्वीच्या 30 पैकी 17 चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. त्यानंतरच्या 25 पैकी फक्त 2 मध्ये. मधल्या काळात बदललेली एक मोठी गोष्ट म्हणजे चाचणीची नोंदणी: काय मोजणार हे आधीच जाहीर करायचं, नंतर सोयीचं निवडायचं नाही. मला हे वाचून निराशा वाटली नाही, विश्वास वाटला. 25 पैकी 23 वेळा ‘खास फायदा नाही’ असं सांगणारा माणूस उरलेल्या दोन वेळी खरं बोलत असणार.

तेव्हा मोजा, आधी सांगून मोजा, सगळं छापा. इथपर्यंत तुम्ही माझ्याशी सहमत असाल. माझी तक्रार यापुढे सुरू होते.

पेशंटच्या बोलण्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून ते मोजत नाही, असं मला अनेकदा सांगितलं गेलं. यात तथ्य आहे. 1950 च्या दशकात छातीदुखीवर छातीतली एक धमनी बांधून टाकायची शस्त्रक्रिया लोकप्रिय झाली होती. रुग्णांना बरं वाटायचं. 1959 आणि 1960 मध्ये अमेरिकेत दोन छोटे अभ्यास झाले, एक 17 रुग्णांचा, दुसरा 18 जणांचा. काहींची धमनी बांधली, काहींच्या कातडीवर फक्त छेद घेतला. दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं. ती शस्त्रक्रिया तिथेच संपली. पण यातून ‘पेशंटचं ऐकू नका’ असा अर्थ कसा काय निघतो? पेशंटनेच तर खरं सांगितलं होतं. गरज होती ती नीट तुलना करण्याची.

ते धाडस पुढे ब्रिटनमधल्या ‘ऑर्बिटा’ चाचणीने केलं. एका धमनीत मोठा अडथळा आणि स्थिर स्वरूपाची छातीदुखी असलेले 200 जण. आधी सहा आठवडे सगळ्यांच्या गोळ्या नीट बसवल्या, मग निम्म्यांना स्टेंट घातला आणि निम्म्यांना गुंगी देऊन तीच सगळी तयारी केली, पण स्टेंट घातला नाही. 2017 मध्ये निकाल आला. व्यायामाच्या वेळेतली वाढ दोन्ही गटांत 16.6 सेकंदांच्या फरकाची, म्हणजे योगायोगानेही पडू शकेल इतकी. केवढी खळबळ झाली होती! आमच्याकडे येणारे पेशंटही विचारायचे, स्टेंट उगाच घातला का म्हणून. अटॅक आलेल्या माणसाचा स्टेंट ही वेगळी गोष्ट, तो जीव वाचवतो, हे आम्ही प्रत्येकाला समजावून सांगत होतो.

त्याच गटाने तिथे थांबायचं नाकारलं, याचं मला फार मोल वाटतं. ‘ऑर्बिटा-2’ मध्ये 301 रुग्णांच्या छातीदुखीच्या गोळ्या बंद करून पुन्हा तीच तुलना केली, आणि या वेळी मुख्य मोजमाप रुग्णाच्या हातात दिलं. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये त्याने रोज नोंदवायचं, आज किती वेळा दुखलं. बारा आठवडे, रोज. 2023 मध्ये निकाल आला: स्टेंटने छातीदुखी खरोखर कमी होते, खोट्या प्रक्रियेपेक्षा जास्त. रोज विचारलं तेव्हा कळलं. वर्षातून तीन फोन करणाऱ्या मला हे वाचून त्या दिवशी दुसरं काही काम सुचलं नाही.

‘इस्केमिया’ चाचणीतही हेच. 5,179 रुग्ण, 2020 मध्ये निकाल. स्थिर आजारात आधी गोळ्या देऊन पाहा किंवा सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी-बायपासकडे जा, मृत्यूंमध्ये ठळक फरक पडला नाही. एवढंच मोजलं असतं तर गोष्ट संपली असती. पण तिथे जगणं कसं चाललंय हेही विचारलं होतं. ज्यांना वारंवार छातीत दुखत होतं, त्यांना प्रक्रियेने चांगला आराम मिळाला. ज्यांना मुळात दुखतच नव्हतं, त्यांना जवळपास काहीच नाही. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाला आपला निर्णय घ्यायला नेमकं हेच हवं असतं.

म्हणजे साधनं नाहीत असं नाही. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांसाठी तेवीस प्रश्नांची कॅन्सस सिटी प्रश्नावली 2000 सालापासून आहे. अंघोळ करताना, जिना चढताना किती त्रास होतो, पाय किती सुजतात, असं ती सरळ विचारते. मी ज्या ट्रायलमध्ये ती वापरली, तिथेही ती ‘दुय्यम’ होती. वेळ नसला तर राहू द्या, पुढच्या भेटीला भरा, असं आम्हाला सांगितलं जायचं. पुढच्या भेटीला ती व्यक्ती असायचीच असं नाही.

आता टोपलीबद्दल. मृत्यू, अटॅक, स्ट्रोक, पुन्हा भरती, पुन्हा अँजिओप्लास्टी हे सगळं एका टोपलीत टाकून ‘यांपैकी काहीही घडलं’ असं तुम्ही मोजता. रुग्ण कमी लागतात, निकाल लवकर लागतो, हे मला समजतं. पण ‘धोका 20 टक्क्यांनी घटला’ असं मथळ्यात आलं की घरच्यांना वाटतं, मरण 20 टक्क्यांनी टळलं. प्रत्यक्षात अनेकदा फरक पडलेला असतो तो भरती होण्यात आणि मृत्यू तेवढेच असतात. भरती टळणं हीही मोठी गोष्ट आहे, तिला तिच्या नावाने सांगा. दोन रात्री वॉर्डात काढणं आणि अर्धं अंग लुळं पडणं हे एका वजनाचं नाही. रुग्णांना ते कसं तोलायचं हे विचारलं तर ते नीट सांगतात. मी विचारून पाहिलं आहे. एक आजी म्हणाल्या होत्या, “मरणाची भीती नाही गं, दुसऱ्याच्या हाताने खावं लागेल त्याची आहे.”

ट्रायलमध्ये कोण येतं हाही प्रश्न आहेच. स्त्रिया वर्षानुवर्षं कमी आल्या, ऐंशीच्या पुढचे, मूत्रपिंडं थकलेले, विस्मरण झालेले गाळले गेले. 1999 ची ‘रेल्स’ चाचणी बघा. तीव्र हार्ट फेल्युअरचे 1,663 रुग्ण, सरासरी वय 65. ज्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं थकली की रक्तात वाढणारा घटक) किंवा पोटॅशियम जास्त ते आधीच वगळलेले. स्पायरोनोलॅक्टोन दिल्यावर मृत्यूचं प्रमाण 46 वरून 35 टक्क्यांवर आलं. उत्तम औषध, फक्त त्याने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. पण कॅनडातल्या ओंटारिओमध्ये निकालानंतर ते झपाट्याने लिहून दिलं जाऊ लागलं, आणि 2004 मध्ये तिथल्या 66 वर्षांवरच्या रुग्णांची माहिती बाहेर आली. पोटॅशियम वाढून भरती होण्याचं प्रमाण 1994 मध्ये हजारी 2.4 होतं, ते 2001 मध्ये हजारी 11 झालं. औषध तेच, माणसं वेगळी. ज्यांना गोळी मिळणार आहे त्यांच्यावरच ती आधी तपासली पाहिजे. दवाखान्याच्या बाहेर रांगेत जे बसलेले असतात, ते तुमच्या निवडीच्या निकषांत बसत नाहीत, हे मी रोज त्यांना परत पाठवताना पाहिलं आहे.

फोनवर सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न कुठला, ते सांगते: “ही गोळी कधीपर्यंत?” सुरू करण्याच्या चाचण्या ढीगभर, थांबवण्याच्या मोजक्या. अटॅकनंतर दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर या ठोके मंद करणाऱ्या गोळीबद्दल 2024 मध्ये दोन चाचण्यांचे निकाल आले. ‘रिड्यूस-एएमआय’मध्ये पंपिंग चांगलं असलेल्या 5,020 रुग्णांत ही गोळी देऊन मृत्यू किंवा नवा अटॅक कमी झाले नाहीत. फ्रान्सच्या ‘अबिस’ चाचणीत आधीपासून गोळी घेणाऱ्या 3,698 जणांपैकी निम्म्यांची बंद केली, तर बंद करणं तेवढंच सुरक्षित आहे असं सिद्ध झालं नाही, आणि जगण्याचा दर्जाही सुधारला नाही. तेव्हा कुणी आपल्या मनाने गोळी थांबवू नये. पण पाहा, प्रश्न विचारला तेव्हा कुठे एवढं तरी उत्तर मिळालं. असे प्रश्न रुग्ण रोज हातात देतात. ते घेऊन आराखडा ठरवणाऱ्या टेबलावर रुग्णालाच बसवा, मंजुरीनंतर पत्रक तपासायला बोलावू नका.

आता शेवटचं, ज्याच्यासाठी मी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

पायऱ्या मोजणारे काका अकराव्या महिन्यात गेले. वर्षाच्या फोनला त्यांच्या पत्नीने उचललं. मी विचारलं, “काका आहेत का?” थोडा वेळ आवाज आला नाही. मग त्यांनी तारीख सांगितली, मी ती चौकटीत लिहिली, कारणाचा संकेतांक लिहिला. त्यांच्या बाजूने फोन ठेवायच्या आधी त्या म्हणाल्या, “ह्यांच्या अभ्यासाचं काय निघालं ते कळवाल ना?” मी हो म्हणाले. मला वाटलं होतं कुणीतरी कळवेल. ट्रायल संपली, फायली खोक्यांत भरून गेल्या, निकाल दोन वर्षांनी एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात आला. कुठल्याही सहभागी कुटुंबाला एक ओळही गेली नाही. त्यासाठी तरतूद नाही, असं मला सांगण्यात आलं.

तरतूद कशी नाही? माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या 2013 च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलं आहे, सहभागी व्यक्तींना अभ्यासाचा एकूण निकाल जाणून घेण्याचा पर्याय दिला पाहिजे. युरोपीय संघात तर 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत सारांश, चाचणी संपल्यापासून वर्षभरात, देणं बंधनकारक आहे. संमतीपत्र पंधरा पानांचं रुग्णाच्या भाषेत करता येतं, तर निकालाचं एक पान का करता येऊ नये? त्याचा खर्च पहिल्याच दिवशी अंदाजपत्रकात धरा, जसा कुरिअरचा आणि रक्ताच्या नळ्यांचा धरता. ते पान पोहोचवायचं काम फोन करणाऱ्या मुलींना द्या. त्या कुटुंबांना आवाजाने ओळखतात. आणि फॉर्मवर एक मोकळी ओळ छापा, जिथे लिहिलेलं कुणी खोडायला सांगणार नाही.

मी शेवटी स्वतःच फोन केला. नंबर मला पाठ होता. निकाल मला जेवढा समजला तेवढा सांगितला: नव्या गोळीने भरती होण्याचं प्रमाण कमी झालं, मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “ह्यांना त्यातली कोणती होती? खरी का खोटी?”

ते मला कधीच सांगितलं गेलेलं नव्हतं. चाचणी चालू असताना ते गुप्त ठेवायलाच हवं, ते मी जन्मभर पाळलं. पण आता ती संपून वर्षं झाली. काकांच्या क्रमांकासमोर त्याचं उत्तर लिहिलेलं आहे, आणि ती यादी तुमच्याकडे आहे.

आपली,
एक माजी संशोधन समन्वयक